कोगनोळीचा नाका आणि संगणकाची सीमा

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळी सुटली की दुचाक्यांची रांग दोन दिशांना फुटते. काही गाड्या हुपरी, इचलकरंजी, कोल्हापूरच्या बाजूला वळतात, काही महामार्गाला लागून दक्षिणेला निपाणीकडे जातात. या दुसऱ्या रांगेत एमएच ०९ आणि केए २३ अशा दोन्ही नंबरांच्या पाट्या दिसतात. कागल मागे पडतं, दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळीचा टोल नाका येतो आणि राज्य बदलतं. माणसांची बोली बदलत नाही, शेतातला ऊस बदलत नाही. डिझेलचा दर मात्र बदलतो. दोन राज्यांचा व्हॅट वेगळा, त्यामुळे पलीकडचे पंप आपल्या स्वस्त दराची पाटी चक्क मराठीत लावत आले आहेत.

रेषा एकच, पण तिच्याकडे पाहणारे अनेक. पाळीवरच्या कामगाराला ती रोजची वाट आहे. ट्रकवाल्याला ती टोल, ई-वे बिल आणि डिझेल यांचा हिशेब आहे. फौंड्रीच्या मालकाला ती दोन राज्यांतल्या विजेच्या दरांची तुलना आहे. आणि १९५६ पासून या रेषेशी भांडत आलेल्या सीमाभागातल्या मराठी माणसाला ती अजून न सुटलेला दावा आहे.

संगणकावर राज्य उभारण्याचे जे खेळ असतात, ज्यांना सरसकट स्ट्रॅटेजी गेम म्हणतात, तिथेही नकाशावर सीमा आखलेल्या असतात. तिथे त्या सीमेकडे पाहणारा आणखी एक जण असतो: माणसाविरुद्ध खेळणारा संगणक. तो शेजारच्या राज्याचा राजा असतो. तो सैन्य हलवतो, तह करतो, कुरकुरतो, कधी चाल करून येतो. त्याला सीमा नेमकी कशी दिसते, हा प्रश्न वरवर पोरखेळाचा वाटेल. पण यंत्राला सीमा शिकवायची तर ती आकड्यांत मांडावी लागते, आणि मांडायला बसलं की 'सीमा' या एका शब्दात माणसाने किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबून ठेवल्या आहेत ते उघडं पडतं. कागलसारख्या ठिकाणी उभं राहून हे पाहिलं तर ते जास्तच लख्ख दिसतं.

सुरुवात मालकीपासून करावी लागते. पटावर शेकडो घरं आहेत, त्यातलं कुठलं कुणाचं? बुद्धिबळात हा प्रश्न येत नाही, तिथे घराला मालक नसतो. 'गो' या पूर्व आशियातल्या खेळात मात्र सगळा डाव जमिनीचा असतो. ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला. आल्बर्ट झोब्रिस्ट या अमेरिकन संशोधकाने गो खेळणारा एक प्रोग्राम लिहिला आणि त्याची मांडणी १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. त्याची युक्ती शाळकरी मुलालाही वहीवर करून पाहता येईल. काळी सोंगटी असलेल्या जागेला अधिक ५०, पांढरी असलेल्या जागेला उणे ५०, रिकाम्या जागेला शून्य. मग चार फेऱ्या करायच्या. प्रत्येक फेरीत ज्या जागेवर अधिक आकडा आहे तिने आपल्या प्रत्येक शेजाऱ्याला एक द्यायचा; ज्या जागेवर उणे आकडा आहे तिने शेजाऱ्याचा एक कमी करायचा. चार फेऱ्यांनंतर पट पाहिला तर एकीकडे अधिकाचा, दुसरीकडे उण्याचा प्रदेश तयार झालेला दिसतो. मध्ये कुठेतरी आकडा शून्याला टेकतो. तिथे सीमा.

ही गोष्ट कोल्हापूरच्या माणसाला नाकाने समजावून देता येते. हिवाळ्यात शिवारात दोन गुऱ्हाळं सुरू आहेत. एका गुऱ्हाळाच्या काहिलीजवळ उभं राहिलं तर रसाचा वास अंगाला चिकटतो. शंभर पावलं दूर गेलं की तो विरळ होतो. चालत चालत एक जागा अशी येते, जिथे कुठल्या गुऱ्हाळाचा वास येतोय ते सांगता येत नाही. कुणी तिथे कुंपण घातलेलं नाही, दगड रोवलेला नाही, तरी ती सीमा आहे. संगणकाच्या जगात या पद्धतीला प्रभावाचा नकाशा म्हणतात, आणि आजही अनेक खेळांत संगणक आपला मुलूख कुठवर आणि धोका कुठून हे याच धर्तीवर ठरवतो.

या प्रकारच्या खेळांत सर्वांत गाजलेली मालिका म्हणजे सिड मायर यांची 'सिव्हिलायझेशन'. पहिला खेळ १९९१ मध्ये आला, तेव्हा नकाशावर राज्यांच्या सीमा रंगवलेल्या नव्हत्या. शहरं होती, सैन्य होतं, मधली जमीन ज्याची त्याने धरावी असा कारभार. २००१ मध्ये आलेल्या तिसऱ्या खेळात सीमा ठळक झाल्या, आणि त्या ठरवण्याचं सूत्र होतं संस्कृती. शहरात मंदिर बांधलं, ग्रंथालय उभारलं की त्या शहराचा सांस्कृतिक प्रभाव साचत जाई आणि सीमा बाहेर सरके. २००५ च्या चौथ्या खेळाने हे आणखी बारीक केलं. प्रत्येक घरात कुणाची संस्कृती किती टक्के मुरली आहे हे स्वतंत्र नोंदलं जाऊ लागलं. एखाद्या घरात एका राज्याचे साठ टक्के आणि दुसऱ्याचे चाळीस टक्के असू शकतात. मालकी ज्याचे जास्त त्याची. निपाणीच्या बाजारपेठेत उभं राहिलेल्या कुणालाही ही चाळीस-साठची कल्पना पटकन समजेल. पुढे या टक्क्यांकडे परत यायचंच आहे.

मालकी ठरली की पाठोपाठ येतो रुसवा. चौथ्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये शेजारी राजा खेळाडूवर का नाराज आहे याची यादीच पडद्यावर दिसते, आणि तीत एक ओळ वारंवार येते: आपल्या सीमा एकमेकींना भिडल्यामुळे तणाव वाढतो आहे. या ओळीसमोर उणे एक, उणे दोन असा आकडा असतो. बहुतेक खेळाडूंचा समज असा की सीमा जितकी लांब, तितका राग जास्त. पण या खेळाची बरीच संहिता कंपनीने २००६ मध्ये बदल करू इच्छिणाऱ्यांसाठी खुली केली, आणि ती वाचल्यावर वेगळंच दिसतं. संगणक सीमेची लांबी मोजतच नाही. त्या खेळात प्रत्येक शहराचा आवाका एकवीस घरांचा असतो. संगणक पाहतो की आपल्या शहरांच्या आवाक्यात येणारी, म्हणजे हिशेबाने आपली असायला हवीत अशी किती घरं शेजाऱ्याच्या ताब्यात आहेत. अशा प्रत्येक घरामागे तीन टक्के राग, जास्तीत जास्त साठपर्यंत. शेजारी जमिनीवरून भिडलेला, चाल करून जाण्याजोगा असेल तर आणखी चाळीस. या टक्केवारीला मग त्या त्या राजाच्या स्वभावाच्या आकड्याने गुणायचं, कारण काही राजे सोशिक आणि काही तापट घडवलेले आहेत.

हा राग महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला परका नाही. हे बांध कोरण्याचं भांडण आहे. शेजाऱ्याचं रान किती मोठं आहे याचा कुणाला राग येत नाही. नांगर फिरवताना त्याने आपल्या बांधाचे दोन तास कोरले, ते डोक्यात बसतं. खेळ लिहिणाऱ्यांनी कुठल्या शिवारात जाऊन हे पाहिलं असण्याची शक्यता नाही, तरी त्यांच्या आकडेमोडीने नेमकं तेच पकडलं.

एका बाबतीत मात्र यंत्र माणसापेक्षा फार वेगळं वागतं. कोरलेला बांध परत मिळाला, म्हणजे ती घरं पुन्हा त्याच्या मुलखात आली, की त्याचा हा राग तिथल्या तिथे ओसरतो, कारण हा आकडा सद्यस्थितीवरून काढलेला असतो. दगाफटका, युद्ध पुकारणं अशा गोष्टींची आठवण वेगळ्या खात्यात राहते, आणि ती पुसण्यासाठी दर चालीला जणू फासा टाकला जातो. दान पडलं तर आठवण एका पायरीने कमी. गावातल्या बांधाच्या दाव्यांना असं दान सहसा पडत नाही. आजोबांनी दाखल केलेला दावा नातू चालवतो.

चौथ्या खेळाचे प्रमुख रचनाकार सोरेन जॉन्सन यांनी तिसऱ्या खेळाचा संगणकी प्रतिस्पर्धीही घडवला होता. हरवायला सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी आणि खेळायला सर्वांत चांगला प्रतिस्पर्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं ते मांडत आले आहेत. शेजारी का चिडला आहे हे खेळाडूला कळलंच पाहिजे. कारण नसताना पाठीत सुरा खुपसणारा संगणक हुशार ठरेल, पण त्याच्याशी राजकारण करता येणार नाही. रागाची कारणं यादीत उघड मांडण्याचा त्यांचा निर्णय फार मोलाचा आहे. खऱ्या शेजाऱ्यांत निम्मी भांडणं कारण न कळल्यामुळे वाढतात.

शेजारी म्हणजे शत्रू, ही कल्पना भारतात फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विजय मिळवू पाहणाऱ्या राजाभोवती बारा राजांचं मंडल कल्पिलं आहे. समोरचा सीमेला लागून असलेला तो अरी, त्याच्या पलीकडचा तो मित्र, त्याच्या पलीकडे शत्रूचा मित्र, मग मित्राचा मित्र. पाठीमागेही अशीच रांग, शिवाय मध्यम आणि उदासीन. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आलेलं या ग्रंथाचं हस्तलिखित आर. शामशास्त्री यांनी ओळखलं आणि १९०९ मध्ये छापलं. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात त्याची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असे तीन खंड सिद्ध केले. जगभरचे अभ्यासक आजही कंगल्यांचीच आवृत्ती हाताशी ठेवतात.

सहाव्या 'सिव्हिलायझेशन'च्या २०१८ मधल्या विस्तारात चंद्रगुप्त मौर्य हा राजा आला, आणि त्याच्या खास गुणाचं नावच 'अर्थशास्त्र' ठेवलं गेलं. मुलूख वाढवण्यासाठी पुकारलेल्या युद्धात त्याच्या सैन्याला वेग आणि बळ जास्त मिळतं. संगणक चंद्रगुप्त होऊन खेळतो तेव्हा आपल्या शहरांजवळ वस्ती करणारे त्याला नावडतात, दूरचे आवडतात. तेवीस शतकांपूर्वीच्या राजनीतीचं केवढं छोटं रूप! बारा राजांच्या मंडलातून शेजारी वाईट आणि दूरचा चांगला एवढंच उरलं. मित्राचा मित्र, पाठीवरचा शत्रू, तटस्थ राहून तोल सांभाळणारा उदासीन, हे सगळे गळाले. कौटिल्याला भूगोल म्हणजे नशीब वाटत नव्हतं. शेजारी आज सामर्थ्यवान असेल तर त्याच्याशी संधी करावा, हेही त्याच ग्रंथात आहे.

रस्त्याचा प्रश्न आला की संगणकाचं मन आणखी स्पष्ट वाचता येतं. एका घरातून दुसऱ्या घरात जायची सर्वांत स्वस्त वाट शोधण्यासाठी बहुतेक खेळ ज्या पद्धती वापरतात त्यांतली सर्वांत प्रसिद्ध ए-स्टार. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफाएल यांनी ती १९६८ मध्ये मांडली. तिच्या मुळाशी एडस्गर डाइक्स्ट्रा यांची १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत आहे. दोन्हींचं तत्त्व सोपं: प्रत्येक पावलाला किंमत लावा, बेरीज सर्वांत कमी येईल ती वाट धरा. डोंगराची किंमत जास्त, रस्त्याची कमी. आता सीमेची किंमत किती लावायची?

तिसऱ्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या हद्दीत शिरायला बंदी नव्हती, फक्त त्याचे रस्ते वापरता येत नसत. त्यामुळे संगणकाचे घोडेस्वार खेळाडूच्या शेतांमधून खुशाल चालत जात. खेळाडूने हटकलं तर सैन्य मागे घ्या नाहीतर युद्ध पुकारा, असा दम भरता येई. चौथ्या खेळात याचा सोक्षमोक्ष लावला. सीमा खुल्या करण्याचा करार असेल तरच पाऊल टाकता येईल. नसेल तर पाऊल टाकणं म्हणजेच युद्ध. वाट शोधणाऱ्या गणिताला ती सीमा आता भिंतीसारखी झाली. त्याच कराराला व्यापारही जोडलेला होता, परक्या शहरांशी व्यापारी मार्ग चालायचे तर आधी सीमा खुल्या हव्यात.

कोगनोळीला सीमेची किंमत अशी एक आकडी कधीच नव्हती. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला आणि देशभर बहुतेक राज्यांनी सीमांवरचे विक्रीकराचे तपासणी नाके उठवले; नंतर १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांवरच्या आंतरराज्य मालाला ई-वे बिल लागू झालं. मालट्रकचा थांबा कमी झाला, कागदाचं ओझं पडद्यावर गेलं. २०२१ मध्ये करोनाच्या काळात कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआर अहवालाची सक्ती केली, तेव्हा याच नाक्यावर गाड्या अडवून अहवाल पाहिले जात होते. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावातल्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला निघालेल्या महाराष्ट्रातल्या नेत्यांना आणि कार्यकर्त्यांना कर्नाटक पोलिसांनी इथेच रोखलं. मालाला खुली, माणसाला अटींवर खुली, भगवा झेंडा घेतलेल्या माणसाला बंद. सीमा एकच, पण समोर कोण उभा आहे यावर तिची किंमत बदलते.

असा भेद काही खेळांना थोडाफार जमला आहे. सहाव्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये सीमा बंद असली तरी व्यापारी तांडे आणि धर्मप्रचारक जाऊ शकतात, सैनिक जाऊ शकत नाहीत. 'फ्रीसिव्ह' या खुल्या, फुकट मिळणाऱ्या खेळातही शांततेच्या तहानंतर फक्त लष्करी तुकड्यांना परमुलखाची बंदी असते. आणि २००३ मधल्या 'राइज ऑफ नेशन्स'ने एक निराळाच उपाय काढला: परमुलखात शिरलेल्या सैन्याची आपोआप झीज होत राहते, रसद पुरवणारी गाडी सोबत असेल तर ती थांबते. मराठ्यांच्या मुलखात मोगलांच्या छावण्यांची जी अवस्था झाली, तिची ही आकड्यातली आठवण वाटते.

डिझेलची गंमत मात्र या गणितात बसवताना अडचण होते. पलीकडे टाकी भरली तर पैसे वाचतात, म्हणजे त्या ट्रकला सीमा ओलांडण्याची किंमत शून्याहून कमी. डाइक्स्ट्रांची पद्धत उणे किमतींवर चालत नाही. तिचा सगळा भरवसा पुढच्या पावलाने खर्च वाढतो, कधी घटत नाही, यावर आहे. उणे किमतींसाठी वेगळ्या, सावकाश चालणाऱ्या पद्धती लागतात. सीमा म्हणजे अडथळाच, असं गृहीत धरून लिहिलेल्या यंत्राला स्वस्त डिझेलसाठी पलीकडे जाणारा ट्रक कळत नाही.

परवानगी घेऊन आत शिरलेल्याचं काय? तिसऱ्या 'सिव्हिलायझेशन'मधली सर्वांत वाईट खोड ही होती की खेळाडू संगणकाकडून वाटेचा हक्क मिळवे, सैन्य त्याच्या शहरांच्या वेशीशी नेऊन उभं करी आणि मग एका चालीत युद्ध पुकारून सगळी शहरं घेई. संगणकाचा करारावर विश्वास होता, म्हणून तो बळी पडे. चौथ्या खेळात युद्ध पुकारताच एकमेकांच्या हद्दीतल्या तुकड्या आपोआप सीमेबाहेर फेकल्या जाऊ लागल्या. पाचव्या खेळातला संगणक सीमेजवळ सैन्य जमलेलं दिसलं की सरळ विचारतो, आणि आम्ही नुसते जात आहोत असं सांगून कुणी हल्ला केला तर ती शब्दमोड लक्षात ठेवतो.

कोल्हापूरच्या इतिहासात अशाच कलमांनी बांधलेला एक खरा तह आहे. साताऱ्याचे शाहू छत्रपती आणि करवीरचे संभाजी छत्रपती, एकाच घराण्याच्या दोन गाद्या. करवीरकरांनी साताऱ्याविरुद्ध निजामाशी हातमिळवणी केली होती. कौटिल्याच्या मंडलातला शेजाऱ्याच्या पलीकडचा मित्र तो हाच. अखेर १७३१ च्या एप्रिलमध्ये वारणेचा तह झाला. वारणा नदी दोन राज्यांमधली सीमा ठरली, तिच्या दक्षिणेचा मुलूख करवीरकडे गेला. पण नदी हा तहाचा एक भाग होता. एकाचा वैरी तो दुसऱ्याचाही वैरी समजावा, एकमेकांचे चाकर आपल्याकडे ठेवू नयेत, तुंगभद्रेच्या पलीकडे नवा मुलूख मिळाला तर निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, अशीही कलमं होती. खेळातल्या तहांच्या पडद्यावर संरक्षण-करार असतो, खुल्या सीमा असतात. दुसऱ्याचा फुटलेला सरदार ठेवून घ्यायचा नाही, हे कलम तिथे सापडत नाही, आणि अठराव्या शतकात दख्खनेत सीमा हलायच्या त्या पुष्कळदा सरदार फुटल्यामुळे. आजही सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांमधल्या सीमेचा मोठा भाग वारणाच आहे.

मोकळ्या जागेवर संगणकाचा डोळा असतो. दोन शहरांच्या मधे चार घरं बेवारस राहिली की दूरच्या राज्यातून वसाहतवाल्यांची एक तुकडी निघते, खेळाडूच्या मुलखातून वाट काढते आणि त्या चार घरांत शहर वसवते. गावाचं गायरान म्हणजे रिकामी जागा, असा त्याचा हिशेब. आपल्याच पोटात परक्याचा ठिपका पाहून खेळाडू वैतागतात. पण १९४८ च्या आधीचा दक्षिण महाराष्ट्राचा नकाशा पाहिला तर तो अशा ठिपक्यांनीच भरलेला आहे. बेळगावला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानचं होतं. रायबाग करवीर संस्थानात होतं. १ मार्च १९४९ ला करवीर मुंबई राज्यात विलीन झाल्यावर ते बेळगाव जिल्ह्यात गेलं. मिरज, कुरुंदवाड, जमखंडी या पटवर्धनी संस्थानांचे तुकडे तर आपल्या राजधानीपासून कितीतरी कोस दूर पसरलेले.

परक्याने जवळ येऊन वस्ती करण्यात काय धोका असतो, हे करवीरच्याच एका ग्रंथात नेमकं सांगितलं आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र', अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. टोपीकर, म्हणजे युरोपीय, सावकार इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, हे पंतांनी ओळखलं होतं. त्यांना वखारीला समुद्रकिनारा किंवा खाडीकाठ देऊ नये, द्यायचीच तर आत, त्यांच्या आरमाराचा आधार पोचणार नाही अशी जागा द्यावी, असा त्यांचा सल्ला. मुंबईच्या बेटावरून इंग्रजांनी पुढे काय केलं ते पाहिलं तर हा सल्ला किती दूरदृष्टीचा होता ते कळतं. संगणक खेळाडूच्या वसाहतीवर रुसतो तो आपली घरं गेली म्हणून. वखारीमागे आरमार आहे का, हे त्याला दिसत नाही.

परक्याच्या अशा वस्तीवर सहाव्या 'सिव्हिलायझेशन'ने निष्ठेचा उतारा काढला. प्रत्येक शहरावर नऊ घरांच्या आतल्या लोकवस्तीची ओढ लागू होते, आणि प्रत्येक घरागणिक ती दहा टक्क्यांनी घटते. परक्या दाट वस्तीशेजारी एकटं शहर वसवलं तर ते फार काळ टिकत नाही, बंड करून फुटतं. संगणकी राजे असली शहरं वसवून ती गमावताना खेळाडूंना वारंवार दिसले. ही ओढ माणसांच्या संख्येने मोजली आहे. कागलच्या उद्योगाची ओढ विजेच्या युनिटच्या दराने मोजली जाते. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या या औद्योगिक वसाहतीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सपासून रेमंडच्या कापडापर्यंत मोठे कारखाने आहेत, आणि कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगाला वीज म्हणजे कच्चा मालच. २०१३ च्या सुमारास विजेचे दर चढले, तेव्हा कोल्हापूरच्या उद्योजकांनी कर्नाटकात जाण्याचा इशारा दिला आणि कर्नाटक सरकारने सीमेपलीकडे जागा द्यायची तयारी दाखवली. शहर जागच्या जागी राहून त्यातला कारखाना फुटावा, अशी चाल अजून कुठल्या खेळात फारशी दिसत नाही.

सीमावादाच्या सर्वांत जवळ जाणारी कल्पना 'युरोपा युनिव्हर्सालिस' या स्वीडिश मालिकेत आहे. तिथे प्रांताला मालक असतो, प्रत्यक्ष ताबा असणारा वेगळा असू शकतो, आणि तिसराच कुणी त्यावर आपल्या हक्काची नोंद धरून असतो. ताबा गेला म्हणून ती नोंद लगेच जात नाही. संगणक आपली अशी हक्काची, पण दुसऱ्याकडे गेलेली जमीन परत घ्यायला नेहमी टपलेला असतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ८६५ गावांवरचा दावा आजही कायम आहे. हक्काची नोंद म्हणजे हीच. त्या मालिकेत ती मिटवण्याचा मार्ग मुख्यतः युद्धाचा आहे. न्यायालयात वर्षानुवर्षं तारखा घेणारा, दर वर्षी १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणारा, मराठी शाळेसाठी आणि मराठीतल्या सातबाऱ्यासाठी भांडणारा शेजारी संगणकाला खेळता येत नाही.

आणि आता ते चाळीस-साठ टक्के. संगणक प्रत्येक घरात दोघांचे टक्के मोजतो, पण महसूल मात्र सगळा एकाला देतो. एक घर, एक मालक. या गृहीतकावर मालकी, रुसवा, वाट, तह असा सगळा डोलारा उभा आहे, आणि दख्खनच्या इतिहासात तेच गृहीतक टिकत नाही. १७१९ च्या सनदांनी मोगलांच्या दख्खनेतल्या सहा सुभ्यांवर मराठ्यांना चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि वर दहा टक्के सरदेशमुखी मिळाली. गाव मोगलांचं आणि वसुलीचा एक वाटा मराठ्यांचा. कागलमध्येही तसंच. कागल ही घाटग्यांची जहागीर. राजर्षी शाहू महाराज याच घरातून १८८४ मध्ये करवीरच्या गादीवर दत्तक गेले. जहागिरीतल्या गावावर जहागिरदार, त्याच्यावर करवीरचे छत्रपती, त्यांच्यावर इंग्रजांचा अधिकारी, असे तीन थर एकाच शिवारावर होते.

'फ्रीसिव्ह' १९९५ मध्ये डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केला. त्याची संहिता कुणालाही उघडून बदलता येते. त्याच्या नव्या आवृत्त्यांत घराचा मालक एक आणि त्या घरावर बांधलेल्या तळाचा मालक दुसरा, अशी दोन वेगळी नावं नोंदवायची सोय आहे. चौथाईच्या दिशेने हे एक पाऊल म्हणता येईल. पुढचं पाऊल म्हणजे उत्पन्नाची नोंद: पंचाहत्तर एकाला, पंचवीस दुसऱ्याला. दोन ओळींचं काम वाटतं. पण ते केलं की कोरलेला बांध मोजणारा संगणक अडतो. चौथाई भरणारं घर शेजाऱ्याने घेतलेलं धरायचं की आपलंच, हे आधी त्याला सांगावं लागेल, आणि ते सांगायला बसलेल्या प्रोग्रामरला त्यासाठी १७१९ च्या त्या सनदा उघडून कलमं वाचावी लागतील.